लसूणघासाची दोन वाजताची आंघोळ

दत्तोपंतांनी एकदा वच्छलाबाईंच्या दोरीवर वाळत घातलेल्या शर्टाला हात जोडून नमस्कार केला. "काय, आज सुट्टी का?" असंही विचारलं. शर्टानं उत्तर दिलं नाही, तेव्हा लोकांना हल्ली बोलायला सुद्धा जड होतं, असं काहीसं पुटपुटत ते पुढं गेले. पडेगावच्या आमच्या कॉलनीत ही बातमी दोन दिवसांत बारा घरी पोचली. तेराव्या घरी, म्हणजे खुद्द दत्तोपंतांच्या घरी, ती पोचू नये याची मात्र सगळ्यांनी मिळून काळजी घेतली. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय हे कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यालाही ठाऊक होतं. फक्त दत्तोपंतांची पक्की समजूत अशी, की या गुपिताचे जगात आपण एकटेच राखणदार आहोत.

ते चारा पिकांच्या एका प्रयोगशाळेत सहायक होते. पणजोबा मुहूर्त काढून देत, आजोबा निजामाच्या कचेरीत दप्तर सांभाळत. दोघांचंही थोडं थोडं दत्तोपंतांत उतरलं होतं. वेळ चुकवायची नाही आणि कागदावर लिहिलंय त्यात काना-मात्रेचाही बदल करायचा नाही. तीस वर्षांत त्यांच्या हातून एक नळी इकडची तिकडं झाली नव्हती. नळी म्हणजे करंगळीएवढी प्लास्टिकची कुपी. तिच्यात पाल्याचा तुकडा, वर टोपण, टोपणावर आकडा. आकडा लिहायचे दत्तोपंत, आणि त्यांचा तीन कधी आठासारखा दिसला नाही.

सोळा सालचा उन्हाळा आठवत असेल तर अंग अजूनही तापतं. धरणात गाळ उघडा पडलेला, वैजापूर-गंगापूरकडं जनावरांच्या छावण्या लागलेल्या, शहरात पाणी पाच-सहा दिवसांनी. अन् तरी शहर काही वाढायचं थांबलं नव्हतं. दौलताबाद रस्त्याला कालपर्यंत ज्वारी होती तिथं आज 'प्लॉट उपलब्ध'चा बोर्ड, प्रयोगशाळेसमोरचा रस्ता रुंद करायला खोदून ठेवलेला, आणि त्याची धूळ खिडकीतून आत येऊन सूक्ष्मदर्शकापासून सरांच्या चहापर्यंत सगळीकडं सारखी बसायची.

त्याच उन्हाळ्यात मनस्विनीचा प्रयोग होता. मनस्विनी नाशिकची, पीएच.डी. करायला इथं आलेली. पोरगी हुशार, पण दत्तोपंत तिला 'ताई' म्हणायचे याचा तिला संकोच वाटायचा आणि ती त्यांना 'काका' म्हणायची याचा त्यांना. तिचा प्रश्न साधा होता. छावणीतल्या गाई ज्याच्याकडं डोळे लावून बसतात त्या लसूणघासाला ऊन लागलं, की त्याच्या पानाच्या आत काय होतं?

"काका, अंडं उकडलं की आतलं पातळ घट्ट होतं ना? ते प्रथिन. उष्णतेनं त्याची घडी मोडते आणि मग सगळे धागे एकमेकांत गुंततात," तिनं पहिल्या दिवशी समजावलं.

"आमच्याकडं अंडं उकडत नाहीत," दत्तोपंत म्हणाले.

"मग नासलेलं दूध घ्या. गोळे होतात तसे."

"ते पाहिलंय. गेल्याच आठवड्यात."

"तर पानातल्या प्रथिनांचे तसे गोळे होऊ नयेत म्हणून झाड दुसरी प्रथिनं बनवतं. ऊन लागल्यावरच बनवतं. ही नवी प्रथिनं त्या मोडायला आलेल्या प्रथिनांना धरून ठेवतात. ऊन उतरलं की घडी परत बसवायला मदत होते."

दत्तोपंतांनी विचार केला. "म्हणजे मांडवात मानपानावरून व्याही भडकले, की चार मामा त्यांना कोपऱ्यात धरून बसवतात. सरबत देतात. मारामारी होऊ देत नाहीत. तसं?"

"अगदी तसं."

"आणि कुणी भडकलं नसेल तर हे मामा कुठं असतात?"

"नसतातच. गरज पडली की तासाभरात हजर होतात."

मनस्विनीनं मामांची गोष्ट वहीत लिहून घेतली. तेव्हापासून प्रयोगशाळेत त्या प्रथिनांना कुणी शास्त्रीय नावानं हाक मारली नाही.

प्रयोगाची रीत तिनं जानेवारीतच लिहून काढली होती. लसूणघासाच्या निम्म्या कुंड्या थंड खोलीत, पंचवीस अंशांवर. निम्म्या गरम पेटीत, दुपारचे काही तास बेचाळीस अंशांवर. दोन्हींना पाणी सारखंच, म्हणजे ऊन सोडून बाकी कशाचा फरक नको. दुपारी दोनच्या ठोक्याला प्लास्टिकच्या टबात पाणी सोडून कुंड्या त्यात अर्धा तास ठेवायच्या आणि वरून झारीनं पानं धुवायची, कारण धूळ. सकाळी सहाला आणि दुपारी चारला पानं कापायची, नळीत भरायची आणि लगेच गोठवायची. जानेवारीत आठ दिवस करून पाहिलं. थंड खोलीतल्या पानांत मामांचा पत्ता नाही, गरम पेटीतल्या पानांत झुंडीनं. सगळं पुस्तकात असावं तसं.

मे महिन्यात खरा प्रयोग झाला, सलग एकवीस दिवस. दत्तोपंतांनी मनस्विनीचा कागद भिंतीवर चिकटवला आणि पोथीसारखा पाळला. दोन म्हणजे दोन. हातात रबरी मोजे, पाइपाचं तोंड टबात, डोळे घड्याळावर. पानं कापायची, भरायची, आकडा घालायचा, सगळं एकट्यानं. मनस्विनी शेजारच्या खोलीत वजनं आणि नोंदी करायची. डोळ्याचं म्हणाल तर त्यांनी एक भिंग आणलं होतं. ते शर्टाच्या आतल्या खिशात असायचं, आणि मनस्विनी पाठमोरी झाली की बाहेर यायचं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाचा टिपूस नसताना, दुपारच्या नळ्यांची पहिली तपासणी झाली. पानातली प्रथिनं वजनाप्रमाणं वेगळी करायची, कागदासारख्या पडद्यावर उतरवायची आणि मामांनाच नेमकं चिकटणारं औषध लावायचं. मामा असतील तिथं, पडद्यावर ठेवलेल्या फिल्मवर, काळी पट्टी उमटते. गरम पेटीच्या नळ्यांत पट्ट्या उमटल्या. थंड खोलीच्या नळ्यांतही उमटल्या.

मनस्विनीनं दुसऱ्या दिवसाच्या नळ्या काढल्या. तेच. तिसऱ्या दिवसाच्या. तेच. थंड खोलीत पंचवीस अंशांत बसून लसूणघासानं मामा कशाला बोलावले असतील, हे कुणाला सांगता येईना.

गुरुवारी सांडू सर आले. ते विभागाचे प्रमुख, सिल्लोडकडचे, घरी मका अन् कापूस. विद्यापीठात पंचवीस वर्षं काढूनही बोली सुटली नव्हती, आणि सोडायची त्यांची इच्छाही नव्हती. त्यांनी फिल्म खिडकीशी धरली.

"पंत, हे काय वो झालं?"

"कळत नाही सर."

"थंड्या खोलीचा पाला अन् गरमीचा पाला, दोन्ही वाट्या एकाच टेबलावर ठेवता ना?"

"ठेवतो. पण डावीकडं थंड, उजवीकडं गरम."

"मंग एकाच वाटीतला पाला दोन्ही नळ्यांत गेला आसंल. नायतर आकडे उलटेपालटे झाले आसतील." ते आवाज चढवत नव्हते, तेच वाईट होतं. "व्हतं पंत असं. वय झालं की. माझं बी चष्म्यावर चष्मा चाललाय."

दत्तोपंतांनी सरांकडं पाहिलं. उजव्या डोळ्यापुढं सर दोन दिसत होते आणि दोघंही समजूतदार.

"सोमवारी अकराला पोरीच्या पीएच.डी.ची समिती बसतीय," सर म्हणाले. "नळ्यांवर भरवसा नसंल तर सगळ्या फेकाव्या लागतील. प्रयोग परत करायचा तर पुढच्या मेमंदी. अन् ह्या पोरीची मुदत मार्चला संपतीय. तुमचं काय, तुम्हाला आपण भांडारात घेऊ. पंख्याखाली खुर्ची देऊ. लई झालं आता उभं राहून."

सर गेल्यावर मनस्विनी म्हणाली, "काका, मला तुमच्यावर संशय नाही."

ती हे नळ्यांच्या खोक्याकडं बघत म्हणाली. दत्तोपंतांनी ते डाव्या डोळ्यानं नीट पाहिलं.

खरी गोम वेगळीच होती. त्यांचा संशय स्वतःवरच होता. एकवीस दिवस, दिवसाला चार खेपा पानं, एवढ्या नळ्या. एखाद्या दुपारी डावी वाटी उजवीकडं सरकली असेल का? भिंग धरून लिहिलेला आकडा भिंगातच चुकला असेल का? 'माझा डोळा गेलाय' असं आता सांगावं, तर तो गुन्ह्याचा कबुलीजबाबच. न सांगावं, तर पोरीची तीन वर्षं आपल्या गुपितापायी बुडाली असं मरेपर्यंत वाटत राहणार. शुक्रवारी ते भांडारापर्यंत जाऊन ती खुर्ची लांबूनच बघून आले. पंखा चालू होता. कॉलनीत शिरताना त्यांनी समोरून येणाऱ्या खऱ्याखुऱ्या शेजाऱ्याला, काकासाहेबांना, नमस्कार केला नाही, तेव्हाच आमच्या लक्षात आलं की प्रकरण गंभीर आहे.

शनिवारी अर्धा दिवस. दोन घास खाऊन त्यांनी ताट सारलं. बायकोनं, अनसूयाबाईंनी, काही विचारलं नाही. त्या न विचारता सगळं काढून घेणाऱ्या बाई. तीनच्या सुमाराला घरात बसवेना म्हणून दत्तोपंत मागच्या दारी गेले. कुंडीतला कढीपत्ता माना टाकून उभा होता. नळाखाली तांब्या धरला, भरला आणि ओतला कुंडीत.

आतून अनसूयाबाई आल्या. "घातलंत?"

"घातलं. वाळला होता बिचारा."

"आता उकडेल. अहो, टाकीचं पाणी ते. दुपारी तीनला हात तरी घालून बघा त्या नळाखाली. सकाळी सहाला बादली भरून ठेवते मी न्हाणीत, ती काय शोभेला? तुळशीलाही मी त्यातलंच घालते, झाडालाही त्यातलंच. मुळं शिजतात अशानं. मागच्या वर्षी मोगरा गेला तो कशानं गेला?"

दत्तोपंतांनी नळाखाली बोट धरलं आणि झटकन मागं घेतलं. बोट चोळत ते उभे राहिले. मग पुन्हा धरलं. मग तिसऱ्यांदा.

"पुरे आता," अनसूयाबाई म्हणाल्या.

"अनसूये," ते म्हणाले, आणि चारचौघांत काय, घरातही ते कधी असं नाव घेऊन बोलत नसत, "आमच्या टबात कुठलं पाणी येतं गं?"

"मला काय माहीत तुमच्या टबाचं."

पण दत्तोपंतांना माहीत होतं. प्रयोगशाळेच्या गच्चीवर काळी प्लास्टिकची टाकी. तिच्यापासून निघालेला पाइप गच्चीभर उन्हात लोळून मग खाली उतरतो. जानेवारीत त्या पाण्यानं हात गारठायचे. मे महिन्यात रोज दुपारी दोनच्या ठोक्याला त्यांनी तेच पाणी थंड खोलीतल्या कुंड्यांना दिलं होतं. मुळं अर्धा तास त्यात, पानांवर झारीनं वरून. हातात रबरी मोजे, म्हणून चटका लागला नाही. आणि कागदावर 'पाणी' लिहिलं होतं, किती गरम ते लिहिलं नव्हतं. घरी मे महिन्यात दुपारच्या नळाला कुणी हात लावत नाही हे ह्या शहरात शेंबड्या पोरालाही कळतं. तेच कळणं ऑफिसच्या दारात चपलांसारखं काढून ठेवून दत्तोपंत आत गेले होते. मनस्विनीही गेली होती. आणि ज्यांच्या घरी पिढ्यान्पिढ्या मका पिकतो ते सांडू सरही.

त्यांनी रिक्षा थांबवली. एरवी जे रिक्षावाल्याशी दोन चौक घासाघीस करत, ते आज मुकाट्यानं बसले, हे वच्छलाबाईंनी खिडकीतून पाहिलं.

मनस्विनी प्रयोगशाळेतच होती. नळ्यांची यादी तिसऱ्यांदा तपासत होती.

"ताई, थर्मामीटर द्या."

"काय झालं काका?"

"द्या तर आधी."

टबात पाणी सोडलं. थर्मामीटर बुडवला. दत्तोपंतांनी भिंग काढलं, मनस्विनीसमोरच काढलं, आणि वाचलं. "सत्तेचाळीस."

मनस्विनीनं वाकून पाहिलं. सत्तेचाळीसच होतं. ती टबाच्या कडेला हात टेकून तशीच बसली.

"गरम पेटीपेक्षा पाच अंश जास्त," ती हळूच म्हणाली. "आपण थंड खोलीतल्या झाडांना रोज दुपारी उकळत ठेवलं."

"उकळत नाही. कोमट म्हणा."

"काका, सत्तेचाळीस म्हणजे कोमट?"

"आमच्या आंघोळीला एवढं लागतं थंडीत."

तिला हसू आलं, पण लगेच विझलं. "हे आपल्याला पटलं. समितीला कसं पटवायचं? ते म्हणतील, नळ्या बदलल्या आणि आता पाण्यावर ढकलताहेत."

इथं दत्तोपंतांनी जे सांगितलं ते तीस वर्षं दुसऱ्यांच्या नळ्या भरून आलेलं शहाणपण होतं. सकाळी सहाच्या नळ्या कुणी अजून उघडल्याच नव्हत्या. पहिल्या दिवशी सकाळी सहाला, टबाची पहिली आंघोळ व्हायच्या आधी, थंड खोलीतल्या झाडांत मामा असायला नकोत. त्या दुपारी आंघोळीनंतर यायला हवेत. रात्रभरात काही मामा निरोप घेतील, म्हणजे दुसऱ्या सकाळी पट्टी फिकी. पुन्हा दोन वाजता आंघोळ, पुन्हा गडद. "नळ्या मी बदलल्या असतील तर सगळा गोंधळच दिसेल," ते म्हणाले. "पाण्यानं झालं असेल तर हजेरीपटासारखं दिसेल. सकाळी कमी, दुपारी जास्त."

मनस्विनीनं यादी बाजूला सारली. मग उठली आणि फ्रीजर उघडला.

शनिवारची संध्याकाळ आणि सबंध रविवार दोघं तिथंच होते. लाइट दोनदा गेली. अनसूयाबाईंनी रविवारी दुपारी डबा पाठवला, त्यात चारजणांना पुरतील एवढ्या दशम्या होत्या. दत्तोपंतांनी त्यातल्या दोन खाल्ल्या, मनस्विनीनं तीन. आता आकडे वाचायचं काम दत्तोपंत मोठ्यानं करायचे आणि मनस्विनी खांद्यावरून पाहायची. एकही चुकला नाही. प्रत्येक आकड्यागणिक त्यांच्या पाठीचा ताठा थोडा थोडा परत येत होता, पण पुरता नाही. डोळा आकडे बरोबर वाचतोय म्हणजे पाला बरोबर भरला असं थोडंच.

सोमवारी दहाला फिल्म अंधाऱ्या खोलीतून बाहेर आली. सांडू सर समितीची फाइल काखेत घेऊन दारातच उभे होते.

पहिल्या सकाळचा चौकोन कोरा. नुसता कोरा, धुतलेल्या ताटासारखा. पहिली दुपार काळी. दुसरी सकाळ राखाडी, दुसरी दुपार काळी. तिसरी सकाळ राखाडी, तिसरी दुपार काळी. दत्तोपंतांनी भिंग लावून एक-एक चौकोन पाहिला, डाव्या डोळ्यानं पाहिला, मग हट्टानं उजव्यानंही पाहिला. उजव्याला सगळंच राखाडी दिसलं, ते सोडून दिलं.

सांडू सरांनी फिल्म उलटसुलट धरली. "सत्तेचाळीस म्हनता?"

"सत्तेचाळीस. रोज दोन वाजता."

"च्यायला," सर म्हणाले आणि मनस्विनी समोर आहे हे आठवून खोकले. "आमची माय बी वाफ्याला दुपारचं पानी देऊ देत नव्हती. म्हनायची, पाइप तापलाय, आधी मोकळं सोड पानी. मला ते याद कसं नाय आलं?"

"कुणालाच आलं नाही सर."

"तुम्हाला आलं की."

"मला नाही. आमच्या घरातून आलं."

समिती अकराला बसली आणि पावणेबाराला उठली. नळ्या फेकायच्या नाहीत असं ठरलं. पहिल्या सकाळच्या नळ्या न तापलेल्या झाडांच्या म्हणून धरायच्या, दुपारच्या नळ्यांपुढं खरं कारण लिहायचं. वर आणखी एक गंमत निघाली. प्रयोगाच्या शेवटी मनस्विनीनं दोन्हीकडच्या काही कुंड्या आणि शिवाय प्रयोगाबाहेरच्या, ना पेटीत ना टबात गेलेल्या काही कुंड्या एका दुपारी कडक तापवल्या होत्या, कोण तगतं ते पाहायला. न तापवलेल्या झाडांनी माना टाकल्या होत्या. टबात रोज आंघोळ झालेली थंड खोलीतली झाडं मात्र हिरवी राहिली होती. तेव्हा ते कुणालाच उमगलं नव्हतं. मामा आधीच मांडवात हजर होते, म्हणून मारामारी झालीच नाही. मनस्विनीनं त्यावर प्रबंधात एक अख्खं प्रकरण घालायचं ठरवलं, आणि ते ठरवताना ती मुदतीचं नाव काढायला विसरली.

समितीनंतर सरांनी दत्तोपंतांच्या पाठीवर थाप मारली. "पंत, भांडाराचं विसरा. मी बोललो ते मागं घेतलं."

दत्तोपंत सरांच्या खोलीतच थांबले. गुरुवारपासून सांगायचं राहिलेलं आता सांगायला मोकळं होतं. तेव्हा सांगितलं असतं तर तो गुन्हा झाला असता. आता ती नुसती तब्येतीची गोष्ट होती.

"सर, मला उजव्या डोळ्यानं नीट दिसत नाही."

सर फाइल बांधायचे थांबले. "कधीपासून?"

"बरेच दिवस झाले. नळ्यांचे आकडे मी दोनदा वाचत होतो. एकदा साध्या डोळ्यानं, एकदा भिंगानं."

"म्हंजे आमच्यातला कुनी एकदा बी नीट वाचत नाय, तिथं तुम्ही दोनदा." सरांनी फाइलची गाठ सोडून पुन्हा बांधली. "अन् गुरुवारी मी काय काय बोललो तुम्हाला. सांगायचं ना तेव्हा."

"तेव्हा सांगितलं असतं तर तुमचा विश्वास बसला असता का, की नळ्या बरोबर आहेत?"

सर म्हणजे खरं बोलणारा माणूस. "नसता बसला," ते म्हणाले. "पंधरा दिवसांची रजा लिहा. आत्ताच लिहा, माझ्यासमोर."

दत्तोपंतांनी तिथंच टेबलावर रजेचा अर्ज लिहिला. अक्षर जरा तिरकं गेलं, पण त्यांनी ते भिंगातून तपासलं नाही.

बुधवारी ते अनसूयाबाईंबरोबर औरंगपुऱ्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेले. रिक्षानं, गर्दीतून, गल्लीगल्लीनं. रिक्षा सुटली तेव्हा वच्छलाबाई दारात, काकासाहेब फाटकाशी आणि बाकी कॉलनी खिडक्यांत उभी होती. सगळ्यांनी हात केला आणि दत्तोपंतांनी सगळ्यांना नमस्कार केला. माणसांना आणि चुकून एका पाण्याच्या ड्रमालाही. कुणी हसलं नाही. निदान रिक्षा वळेपर्यंत तरी.

दवाखान्यात टेबलावरच्या मुलीनं वही उघडली. "किती दिवसांपासून कमी दिसतंय?"

दत्तोपंतांनी आवाज बारीक केला. "सहा-एक महिने."

अनसूयाबाईंनी पर्स मांडीवर ठेवली. "दीड वर्ष लिही, बाई," त्या म्हणाल्या. "मागच्याच्या मागच्या दिवाळीपासून यांच्या पोथीतली पानं मीच लावून देते."

दत्तोपंत बायकोकडं बघतच राहिले. मग खुर्चीत मागं टेकले, पाय जरा लांब केले, आणि नंबर येईस्तोवर चक्क डुलकी काढली. गेल्या बुधवारनंतरची ही त्यांची पहिली सलग झोप. नंबर लागला तेव्हा अनसूयाबाईंनी त्यांना लगेच उठवलं नाही. मागच्या माणसाला म्हणाल्या, "तुम्ही जा आधी. यांची काही घाई नाही आता."